मशीनमध्ये शिरलेला आकाराम

"फिरलं! फिरलं बघा!"

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाळी सुटलेले कामगार जेवणाचे डबे हातात घेऊनच आत घुसले होते. दाराबाहेर सायकली आणि लुना एकमेकींच्या अंगावर कलंडल्या होत्या. आत झांजा कडाडत होत्या, धुपाने डोळे चुरचुरत होते, आणि मधोमध, कॉम्प्युटर बंद असताना, सुमंतच्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे कोरायचं पातं बसवतात तो दांडा, आपोआप गरगर फिरत होता.

"ह्यो आकाराम हाय, गड्यांनो!" तेजनाथ महाराज हात उंच करून ओरडले. "तारेतनं लाइट जाती, मग आत्मा का जाणार न्हाई? आँ? ह्याच शेडात शॉक लागून मेला. गती न्हाई मिळाली. बायकुला बोलावतोय. ये शालू, हो आत!"

दारात उभी असलेली शालूबाई उंबऱ्याच्या आत आली. स्पिंडल आणखी जोरात फिरला.

"जा म्हागं!"

ती मागे सरली. स्पिंडल घरघरत थांबला. कुणी जमिनीवर डोकं टेकलं, कुणी महाराजांच्या पायांवर. शालूबाई मात्र मशीनकडेच बघत राहिली. शेड झाडणारी ती बाई, पण त्या वेळी तिचा चेहरा स्टेशनवर कुणाला तरी घ्यायला आलेल्या माणसासारखा दिसत होता.

महाराजांनी निकाल दिला. "येत्या अवसेला ही ह्या दांड्याखाली तळहात ठेवंल. माझ्या शब्दानं आकाराम शांत झाला तर ठीक. न्हाई झाला, तर हिनं ही वसाहत सोडायची."

सुमंतच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. पातं बदलताना हाच स्पिंडल अचानक फिरला होता आणि अंगठा हाडापर्यंत चिरला होता. तळहात म्हटल्याबरोबर त्याने तो अंगठा मुठीत लपवला.

सुमंत सांगलीच्या एका बँकेत कारकून होता. मशीन हा त्याचा नाद, आणि त्यासाठीच आकाराम गेल्यावर रिकामी पडलेली ही शेड त्याने भाड्याने घेतली होती. कॉम्प्युटर ही अजून कौतुकाने बघायची वस्तू होती, त्या दिवसांत त्याने मिरजेच्या भंगारातून लोखंड, एक जुनी मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा डबा, म्हणजे ड्राइव्ह, गोळा करून कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन उभं केलं होतं. मशीन थरथरू नये म्हणून ते शेडच्या लोखंडी खांबाला बोल्टने आवळलं होतं. सुरुवातीला ते गुणाने चाललं. मग मनाला येईल तेव्हा फिरायला लागलं. सुमंतने ड्राइव्ह बदलला, मोटरमधले कार्बनचे ब्रश बदलले, वायर न् वायर ओढून पाहिली. शेजारच्या शेडमध्ये ग्रील बनवणारा जोतिबा एक दिवस सहज म्हणाला, "सायेब, माज्या वळखीचं एक म्हाराज हायती. कोरेगावकडचे. लय पावरफुल." थकलेल्या सुमंतने मान हलवली होती.

घरी तो ताटावर बसला आणि दोन घास खाऊन उठला. व्हरांड्यात गेला, परत आला, पुन्हा गेला.

"अहो, बसा तरी," त्याची बायको भार्गवी म्हणाली. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"बसून काय करू? सगळं बदललं मी. आता उरलंय काय?"

"उरलंय ते तुम्ही पाहिलेलं नाही, एवढंच. तुम्ही वस्तू बदलत बसलात. ते फिरतं कधी आणि फिरत नाही कधी, हे पाहिलंत का?"

सुमंत चिडला. "तुला काय, तू फळ्यावर लिहून मोकळी होतेस. मी डोळ्यांनी पाहिलं. ती आत आली की फिरतं."

"मग ती नसताना आपण दोघं जाऊन बसू. आणि त्याच्या आधी मला तिला भेटायचंय."

शालूबाई वसाहतीमागच्या झोपडीत राहत होती. भार्गवीने हात ठेवण्याचा विषय काढताच ती शांतपणे म्हणाली, "ठेवनार की, बाई. त्ये मला इजा करायचे न्हाईत. जिवंतपनी कवा हात उगारला न्हाई."

"आणि लागलं तर?"

"लागू द्या." तिने पदराने डोळे पुसले. "त्ये गेले तवा मी माह्यारी हुते. त्वांड सुदीक बघितलं न्हाई. आता त्ये बोलावत्यात, तर तुमी मधी पडू नका. पाया पडते."

भार्गवीने तिला वाकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं शेडचं दार लावून बसले. सुमंतने पातं काढून ठेवलं होतं. तो मशीनभोवती येरझाऱ्या घालत होता, बोटांनी टेबल वाजवत होता, पाच मिनिटांत चारदा घड्याळ पाहत होता. महाराज नाहीत, शालूबाई नाही, झांजा नाहीत. आणि एकाएकी स्पिंडल फिरला.

"बल्ब बघा!" भार्गवी ओरडली.

डोक्यावरचा बल्ब मंदावला होता. स्पिंडल थांबला, बल्ब उजळला. पुन्हा फिरला, पुन्हा मंदावला. मग दोन शेडच्या मधल्या पत्र्यातल्या खिळ्यांच्या भोकांकडे सुमंतचं लक्ष गेलं. प्रत्येक वेळी तिथून निळा उजेड चमकत होता. पलीकडे जोतिबा ग्रीलला वेल्डिंग मारत होता.

'चालू हो' असा हुकूम नेणारी बारीक वायर सुमंतने ड्राइव्हवरून सोडवली. पलीकडे ठिणगी उडाली. स्पिंडल ढिम्म. वायर जोडली, फिरला. सोडवली, थांबला. मग व्होल्टेज मोजायच्या मीटरची एक पिन मशीनच्या अंगाला आणि दुसरी ड्राइव्हच्या डब्याला लावली. ठिणगी उडाली की काटा उडी मारत होता.

"मशीनच्या अंगात खरंच येतंय काहीतरी," भार्गवी हसून म्हणाली.

"व्होल्टेज येतंय! पण कुठून?"

तो पत्र्याच्या भोकाला डोळा लावून उभा राहिला. वेल्डिंगला दोन केबल असतात. एकीने करंट जातो, दुसरीने परत येतो. परत येणाऱ्या केबलचा चिमटा कामाच्या लोखंडालाच लावायचा असतो. जोतिबाने तो लावला होता खांबाला. आणि दोन्ही शेडचा सांगाडा एकच होता. म्हणजे पलीकडच्या वेल्डिंगचा धक्का खांबातून सुमंतच्या मशीनच्या अंगात येत होता, ती बारीक वायर तो पकडत होती, आणि ड्राइव्हला वाटत होतं की मालकानेच हुकूम दिला.

"जोतिबाला हे आधीच कळलेलं दिसतंय," भार्गवी म्हणाली. "शालूबाई आत आली की भोकातून बघून तोच ठिणगी मारत असणार. म्हणून त्या महाराजांना झांजा आणि धूर लागतो. वेल्डिंगची चरचर ऐकू यायला नको, उजेड दिसायला नको."

सुमंत ताडकन दाराकडे निघाला. तिने त्याचा हात धरला. "आत्ता भांडलात तर तो नाही म्हणेल, आणि शालूबाई दुसऱ्या कुठल्या मशीनखाली हात ठेवेल. सगळ्यांसमोर होऊ दे."

अवसेला गर्दी दुप्पट होती. सुमंतने पातं काढलेलंच होतं, तरी त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. झांजा कडाडल्या. धूर कोंदला.

"ये शालू, हो आत!"

डोक्यावरून पदर ओढलेली, हिरव्या लुगड्यातली बाई आत आली. स्पिंडल गरगरला. लोकांनी जयजयकार केला.

"बघा! वळखलं नवऱ्यानं! पाच हजार बायकांत सुदीक वळखंल!"

बाईने पदर मागे टाकला. ती भार्गवी होती. शालूबाई भार्गवीच्या साडीत मागे बायकांच्या घोळक्यात उभी होती. भार्गवीने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नव्हता, फक्त म्हटलं होतं, "खरंच तेच असतील, तर मला ओळखतील. एवढं बघूया." शालूबाईला ते पटलं होतं.

झांजा आपोआप थांबल्या. आणि त्या शांततेत सगळ्यांना पत्र्यापलीकडची चरचर ऐकू आली.

"आत्म्याला भूल पडली!" महाराज म्हणाले. "लुगड्याचा वास—"

"चला, आत्म्याला विचारू," म्हणत सुमंतने दोन शेडच्या मधलं लाकडी दार ढकललं. पलीकडे जोतिबा भोकाशी उकिडवा बसला होता. एका हातात वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर, दुसऱ्या हातात काळी काच. इतकी माणसं बघून त्याला उठायचंही सुचलं नाही.

"म्हाराज," गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "तुमचा आत्मा जोतिबाच्या कनेक्शनवर चालतोय व्हय?"

हशाने पत्रे हादरले. सुमंतने सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. मग शालूबाईला हातमोजे चढवले, काच डोळ्यांपुढे धरायला दिली, होल्डर हातात दिला. तिने भीत भीत लोखंडाला टोक लावलं. ठिणगी उडाली. अलीकडून पोरं ओरडली, "फिरलं!" तिने हात उचलला. "थांबलं!" सुमंतने चिमटा खांबावरून काढून थेट कामाच्या लोखंडाला लावला. तिने पुन्हा टोक टेकवलं. ठिणगी उडाली, पण स्पिंडल जागचा हलला नाही.

महाराज कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. झोळी तेवढी मागे राहिली होती.

शालूबाईने काच खाली ठेवली. "म्हंजी, त्ये न्हवतेच?"

"नव्हते," भार्गवी म्हणाली. दुसरं काही सांगणं खोटं झालं असतं.

तिने एकेक करून हातमोजे उतरवले. हशा केव्हाच विरला होता. मग तिने मान वर केली. "मग त्यास्नी शॉक लागला कसा, सायेब? शेडचा मालक म्हनला, बाहेरची बाधा झाली म्हनून शॉक बसला. डाक्टरला बी कुनी इचारलं न्हाई. भूत न्हवतं, तर त्यास्नी मारलं कुनी?"

तिच्या प्रश्नाने सुमंतच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न उभा केला. आपल्या मशीनच्या अंगात आलेलं व्होल्टेज तिथेच का थांबलं? ते जमिनीत का गेलं नाही? त्यासाठी तर अर्थिंगची वायर असते. मशीनपासून निघालेली हिरवी वायर त्याने भिंतीवरून हाताने चाचपत नेली. ती पत्र्याच्या भोकातून बाहेर जात होती. तो बाहेर धावला, लोक त्याच्या मागे. शेडच्या मागे, गवताच्या वर वीतभर, ती वायर हवेत लोंबकळत होती. अर्थिंगचा खड्डा नाही, त्यात पुरायची पट्टी नाही, काही नाही. शेड उभी राहिली तेव्हापासून ती जमिनीला कधी लागलीच नव्हती.

"शालूबाई," तो वायरीकडे बोट दाखवत म्हणाला, "आकाराम चालवायचा त्या जुन्या मशीनची वायर कुठंतरी सोलपटली असणार. लाइट लोखंडात उतरली. ही वायर जमिनीत असती तर फ्यूज उडाला असता आणि आकाराम घरी आला असता. मी स्वतः इथे मशीन बसवलं आणि ही वायर कुठे जाते ते पाहिलं नाही."

ज्या मालकाने बाधा म्हणून हात झटकले होते, तो शेड भाड्याने देऊन केव्हाच मोकळा झाला होता. भुताच्या नावाखाली एक उघडं टोक इतके दिवस लोंबकळत राहिलं होतं, आणि तिथे रोज माणसं काम करत होती.

शालूबाईने ते टोक दोन बोटांत धरून पाहिलं. डोळे कोरडे होते. "ही अशीच वायर समद्या शेडात आसती?"

"असायला हवी."

"मग बघाया पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती झाडायला जाई त्या प्रत्येक शेडमध्ये आधी भिंतीमागे जाऊन बघू लागली आणि वायर दिसली नाही तर मालकाच्या तोंडावर विचारू लागली. काहींनी तिला हुसकावलं, काहींनी मुकाट्याने खड्डे खणले.

मंडळी, चमत्कार दिसला की आपण हात जोडतो. जोडा, पण दोन प्रश्न विचारून झाल्यावर. हे कधी होतं, आणि कधी होत नाही? एवढं विचारायला पदवी लागत नाही. आणि विचारलं नाही तर फसतो तो एकटा भक्त नव्हे. त्या धुराच्या आड एखादीचा नवरा मरतो, आणि त्याला कुणी मारलं हेसुद्धा विचारायचं राहून जातं.