दोष कुठे आढळला

तिने शेवटचा स्क्रू चुंबकाच्या वाटीत टाकला, लॅपटॉपचा तळ नखाने उचलला आणि आत फुंकर मारली. मारायची गरज नव्हती. आतली धूळ तिनेच आठवड्यापूर्वी काढली होती, पंखाही साफ केला होता. तरी सकाळपासून चार वेळा तो धाडकन बंद पडून आपला आपणच पुन्हा सुरू झाला होता.

"कसली नाटकं चालवली आहेस रे," ती त्याला म्हणाली. यंत्रांशी बोलायची तिला सवय होती. माणसांपेक्षा ती लवकर कबूल होतात असं तिचं मत होतं.

लॅपटॉप नकाशेवाल्या बाईंचा होता. घरी बसून इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या या बाई पाच आठवड्यांपूर्वी कीबोर्डवर चहा सांडला म्हणून दुकानात आल्या. मास्तरांनी कीबोर्ड बदलून दिला आणि तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं. बारीकसारीक कामं व्हायची, पण मोठा नकाशा उघडला की पडदा निळा, मग काळा, मग सगळं पहिल्यापासून. ही तिसरी खेप होती. बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून तिला जास्तच लागायचं. काल लॅपटॉप ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या,

"उद्या संध्याकाळपर्यंत नाही झाला तर हे काम माझ्या हातून जाईल. शाळेची इमारत आहे. अर्धा नकाशा तीनदा पुसला गेलाय."

"मी स्वतः बघते. माझा शब्द."

शब्द देऊन बसली खरी, पण लॅपटॉपने नाकी नऊ आणले होते. विंडोज नव्याने घातली. चार्जर बदलून पाहिला. डिस्क तपासली, ठणठणीत निघाली. राहता राहिली मेमरी. तिच्या वाटेला ती गेली नव्हती, कारण मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मेमरी मी बघितली आहे, त्यात वेळ घालवू नकोस. बाई एका वेळी दहा गोष्टी उघडून बसतात, दुसरं काही नाही."

मास्तर म्हणजे दुकानाचे मालक. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण आसपासचे निम्मे दुरुस्तीवाले त्यांच्या हाताखालून गेले होते. बारा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती पाच वर्षांच्या लेकीला घेऊन इथे पावत्या लिहायला आली. मास्तरांनी महिन्याभरात तिच्या हातातलं पेन काढून स्क्रूड्रायव्हर दिला. घरी सराव करायला एक लॅपटॉपही दिला. तेव्हापासून ते तिला चेष्टेने डॉक्टरीणबाई म्हणत. अशा माणसाने तपासलेलं पुन्हा तपासणं म्हणजे तिच्या लेखी आगाऊपणा होता.

आज मास्तर दाढ काढायला गेले होते. ते समोर नव्हते म्हणूनच असेल, तिने तो आगाऊपणा केला आणि मेमरीची चाचणी लावली. चार मिनिटांत पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून तपासली. पहिली निर्दोष निघाली, दुसरी पार कामातून गेलेली.

तिने दुसरी पट्टी बोटांत धरली. कधीकधी तिच्या सोनेरी कडेवर मळ बसलेला असतो, खोडरबराने घासला की निघतो. घासायला गेली आणि हात थांबला. पट्टीच्या खाचेत वांगी रंगाचा एक कण अडकला होता.

तो रंग तिने झोपेतही ओळखला असता. लेकीने नाक मुरडून टाकून दिलेली नेलपॉलिशची बाटली तिने दुकानात आणली होती. मेलेल्या प्रत्येक पट्टीवर त्याचा एक ठिपका द्यायचा आणि ती डब्यात टाकायची, म्हणजे चुकूनही पुन्हा कुणाच्या यंत्रात जायला नको. "मेलेल्यांना नटवायची भारी हौस तुला," मास्तर हसायचे. ठिपका कुणीतरी ब्लेडने खरवडला होता. खाचेत मात्र ब्लेड पोचलं नव्हतं.

तिने बाईंच्या दुरुस्तीचं कार्ड काढलं. यंत्र ताब्यात घेताना आतल्या पट्ट्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवायचे, ही तिचीच पद्धत होती. कार्डावर तिच्या अक्षरात दोन नंबर होते, २२०८ आणि ४४७१. पहिली पट्टी २२०८ होती. हातातली होती ९०३६.

चुकून झालं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण चुकून कुणी नेलपॉलिश खरवडत नाही. आणि दुकानात हत्यारं हातात घेणारी माणसं दोनच होती.

मग 'पाच आठवडे' हे शब्द तिच्या डोक्यात अडकले. कीबोर्ड बदलला त्याच आठवड्यात मास्तर तिच्या घरी आले होते, बगलेत लॅपटॉप घेऊन. लेकीची प्रवेश परीक्षा तोंडावर होती आणि सराव मोबाईलवर चालला होता. "जुन्या पार्टांतून जोडलाय, त्यात नवं काही नाही," ते म्हणाले होते. त्यांना आजोबा म्हणणाऱ्या लेकीने मिठीच मारली होती. आणि हिने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले होते.

तिने दुकानाला कुलूप लावलं. घर दोन रस्ते पलीकडे होतं, ते अंतर कसं तोडलं तिला कळलं नाही.

लेक टेबलाशी बसून लॅपटॉपवर प्रश्न सोडवत होती.

"जरा दे पाच मिनिटं," ती म्हणाली आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.

"अगं, उघडू नकोस! आजोबांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"काही बिघडलं तर आईला त्रास देऊ नकोस, मलाच दाखव म्हणून."

तिने तळ उघडला. आत एकच पट्टी होती. चार आकडे वाचायला चष्मा लागला नाही. ४४७१.

तिने ती काढून रुमालात गुंडाळली.

"हे काय? आता सुरूच होणार नाही तो! रविवारी परीक्षा आहे, आई."

"माहीत आहे."

"मग?"

"ही आपली नाही."

लेक तिच्याकडे बघत राहिली. तिला समजावून सांगायचं तर आजोबा या शब्दापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ते आत्ता जमणार नव्हतं.

ती दुकानाकडे परत निघाली. मास्तरांनी चोरी केली, एवढंच असतं तर ती भांडली असती आणि मोकळी झाली असती. त्यांनी चोरीचा माल तिच्या घरात आणून ठेवला आणि वर तिचे डोळे ओले करून घेतले. आणि त्यानंतर पाच आठवडे तिला पंखे पुसायला लावले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गळा कापणारा हात तिला आजवर डोक्यावर ठेवलेला वाटत होता.

तिने बाईंच्या लॅपटॉपमध्ये ४४७१ बसवली आणि शाळेचा नकाशा उघडला. तिन्ही मजले, जिने, खिडक्या, सगळं एकदम उमटलं. तासभर चालू ठेवला, लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही.

चारच्या सुमारास मास्तर सुजलेला गाल धरून आले.

"झाला वाटतं," कापूस दाबलेल्या तोंडाने ते म्हणाले. "काय निघालं, डॉक्टरीणबाई?"

तिने ती मेलेली पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी खुर्चीत बसून चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली, खाच बघितली. मग पट्टी हलकेच खाली ठेवली.

"पोरीची परीक्षा होती," ते म्हणाले. "बाईंना काय, दोनदा बंद पडला तर नवा घेतील, असं वाटलं."

"मला सांगितलंत, मेमरी बघू नकोस."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी त्यांना शब्द दिला होता, मास्तर."

"पोरीचा चालत होता ना पण नीट?"

"चालत होता. आता बंद आहे."

त्यांनी मान हलवली, आणि तिला एकदम ते शब्द आठवले. जुन्या पार्टांतून जोडलाय, त्यात नवं काही नाही. बारा वर्षांपूर्वीही ते हेच म्हणाले होते, याच सुरात. त्या लॅपटॉपवर ती सगळं शिकली होती.

"मला लॅपटॉप दिला होतात, त्यातलं काय कुणाचं होतं?"

त्यांनी रागवायला हवं होतं. काय बोलतेस, लाज नाही वाटत, असं ओरडायला हवं होतं. ती त्याचीच वाट बघत होती.

"एवढं जुनं आता कुठे आठवतंय," मास्तर म्हणाले.

दारावरची घंटी वाजली. नकाशेवाल्या बाई आल्या, लॅपटॉप सुरू करून नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला आणि खुर्चीतच सैल झाल्या.

"तुमचे उपकार कसे मानू! आणि मास्तर, तुमचेही. तुमच्याच हाताखाली तयार झाल्यात ना या." मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, "माझंच काही चुकत होतं का? मास्तर म्हणाले होते, मी एका वेळी फार गोष्टी उघडते."

"तुमचं काही चुकत नव्हतं," ती म्हणाली.

सही घेण्यासाठी तिने कार्ड पुढे ओढलं. शेवटून दुसरा रकाना होता, दोष कुठे आढळला. एरवी तिथे ती पंखा, डिस्क, चार्जर असं काहीतरी खरडायची. आज पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग तिने नेहमीच्या नीट अक्षरात लिहिलं, 'दुकानात', आणि कार्ड बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"दुकानात म्हणजे?"

"ते मास्तर सांगतील." मास्तरांकडे तोंड करून ती उभी राहिली. गालावरचा हात खाली घेऊन मास्तर खुर्चीतून उठेपर्यंत ती तशीच उभी होती.