भुलीआधीचा प्रश्न

“नाही,” ती म्हणाली आणि मुलीच्या बोटातली अंगठी काढू लागली.

घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, असं भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने उत्तर आपसूक तोंडातून निघालं. तिचा धाकटा भाऊ टॉन्सिलच्या ऑपरेशनला गेला होता. टेबलावरच अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप चढत गेला आणि तो परत आलाच नाही. घराण्यातच दोष आहे असं म्हणून पोरीचं लग्न अडायला नको, म्हणून वडिलांनी जगाला टायफॉइड सांगितला आणि तिच्या तोंडाला कुलूप घातलं. नवऱ्यालाही तिने टायफॉइडच सांगितला होता.

मुलीला आत नेलं. अपेंडिक्स म्हणजे हल्ली किरकोळ, असं जो तो म्हणत होता. तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मध्येच उठून गेलेला नवरा पाण्याची बाटली घेऊन परत आला, शेजारी बसला. याच्यादेखत कसं बोलायचं? शेवटी, खोटारडी तर खोटारडी, म्हणत ती उठली आणि दारावर थापा मारू लागली.

भूलतज्ज्ञ बाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या.

“डॉक्टर, मी खोटं बोलले. माझा भाऊ...”

“तुमच्या मिस्टरांनी सांगितलं मघाशी. स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम सोडणारं एक दार असतं, प्रथिनाचं. काहींच्या दारात जन्मतःच खोट असते. एरवी कळतही नाही. पण भुलीचा वायू लागला की दार उघडंच राहतं. स्नायू आखडतात, अंग भट्टीसारखं तापतं. मुलीतही ती खोट असू शकते, म्हणून तो वायू देतच नाही आहोत. दुसरी औषधं आहेत. बसा तुम्ही.”

ती बाकावर नवऱ्याशेजारी येऊन बसली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या बाबांनी. लग्नाआधीच. तुला कळू देऊ नका म्हणाले, उगाच ओशाळी होशील.”

रागवावं की रडावं, तिला कळेना. दारावरचा दिवा अजून लालच होता.

“कसा होता गं तो?” नवऱ्याने हळूच विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“हट्टी,” ती म्हणाली. “आत नेत होते तेव्हा म्हणाला, ताई, कुठे जाऊ नकोस हं.”