ढवळ्याची खांदेमळण

"टॉवर येतील, टॉवर जातील, पर कुनब्याचं औत जगाच्या अंतापोतर थांबनार न्हाई!" असं कोंडीरामनं ट्रॅक्टरच्या शिटावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि क्लचवरचा पाय उचलला. इंजिनानं बोंब ठोकली. काळा धूर निघाला. ट्रॅक्टर जागचा तसूभर हलला नाही.

नांगरणी बघायला जमलेल्या सोसायटीकरांनी टाळ्या वाजवल्या. यात काय व्हायला हवं होतं हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

हडपसरच्या अंगाला ते दोन टॉवर उभे होते ते कोंडीरामच्याच जुन्या रानात. मधे काळ्या मातीची एक पट्टी तेवढी उरली होती. कागदावर ती सोसायटीची, पण मेथी-कोथिंबीर कोंडीराम करायचा आणि त्याची बायको दुर्गाबाई जुड्या बांधून गेटबाहेर विकायला बसायची. सभासदांना तिथं पार्किंग हवं होतं. पण अध्यक्ष कल्याणी मॅडमनी कोंडीरामला शब्द दिला होता. मॅडम मूळच्या कोथरूडच्या, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या. शब्द तोलून टाकायच्या.

"असू द्या काका," त्या आजही गोड आवाजात म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पुन्हा येऊ आम्ही. तुम्ही नांगरेपर्यंत जागा तुमची. शब्द आहे माझा."

नांगर थांबला की जागा गेली, एवढं कोंडीरामला कळलं.

त्यानं अय्युबला बोलावलं. अय्युब त्याचा शाळासोबती, हडपसरात गॅरेज, आणि हातातल्या पान्यापेक्षा तोंड जास्त चालणारा. भाद्रपदाचं ऊन टाळूवर नाचत होतं. अय्युबनं विटा रचल्या, जॅक लावला आणि ट्रॅक्टर मधोमध फोडला, इंजिन एकीकडं, गिअरबॉक्स दुसरीकडं. कोंडीरामनं तोंड फिरवलं. द्राक्षबागेत चालायला केलेला तो कमरेएवढा ट्रॅक्टर. रंग लाल, नाव मात्र ढवळ्या, कारण त्याच्या आधी दावणीला जो बैल होता त्याचं नाव ढवळ्या होतं आणि नवीन नाव शोधायला कोंडीरामला सवड नव्हती.

"कोंड्या, हे काय रं?" अय्युबनं आत बोट घालून नाकाशी नेलं. बोट पिवळंधमक. "क्लच हाय का पिठलं?"

अय्युबनं बोट पुन्हा हुंगलं.

"हळद हाय ही! आन् तेल!"

"तूप बी आसंल थोडं," दुर्गाबाई भांडी घासता घासता म्हणाली. "पोळ्याच्या आदल्या दिशी खांदेमळण केली त्यांनी. बैल न्हाई म्हून याचीच."

"बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळत्यात, ठाऊक हाय मला. पर याचा खांदा तुला कुठं घावला?"

"जितं इंजिन जुपलंय तितंच की," कोंडीराम पुटपुटला. "झाकन व्हतं. उचाकलं आन् वतलं. शिणला व्हता त्यो."

अय्युब हसत हसत विटांवरच बसला. मग प्लेट बाहेर काढून त्यानं कोंडीरामच्या मांडीवर टाकली. "शिणनारच की! जलमभर क्लचवर पाय ठिवून बसलास, पाटावर बसल्यावानी. लायनिंग झिजून त्यातले खिळे, रिबिटी, वर आल्यात. त्यात तू तेल पाजलंस. आता त्यो फिरतोय नुस्ता, धरत कायबी न्हाई."

"माझ्याकडं बगून सांगू नगा, भावजी," दुर्गाबाई म्हणाली. "मी बी तशाच मानसासंगं जलम काढलाय."

प्लेटला नवं लायनिंग बसलं. तिच्यासमोरचा, रिबिटींनी ओरखडलेला पत्रा घासून गुळगुळीत झाला, हळद पेट्रोलनं धुतली गेली. ट्रॅक्टर पुन्हा जोडून अय्युबनं पेडलला बोटभर ढील ठेवली आणि दम दिला, "गिअर टाकायचा आसंल तवाच पाय ठिवायचा. न्हाईतर पायच काढून घिऊन जाईन."

रविवार आला. सोसायटीकर आले. कोंडीरामनं या खेपेला भाषण केलं नाही. पाय अलगद उचलला, आणि ढवळ्यानं असा हिसका दिला की कोंडीरामची टोपी मागं उडाली. फाळ रुतला. ओली काळी ढेकळं दोन्ही अंगाला उलथत गेली, बगळे खाली उतरले. बांधावर उभा अय्युब मिशीत हसत होता. नांगराचं शेवटचं तास काढून कोंडीराम खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"वा काका! अप्रतिम!" कल्याणी मॅडम म्हणाल्या. "आता उद्यापासून पार्किंगचं काम सुरू करायला हरकत नाही."

"आं?" कोंडीराम म्हणाला. "मॅडम, नांगारलं की म्या!"

"म्हणूनच तर. 'नांगरेपर्यंत' जागा तुमची, असं म्हणाले होते मी. नांगरून झालं. 'नांगरत असेपर्यंत' म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. मी मराठीच शिकवलंय हो, काका."

पुन्हा टाळ्या झाल्या. अय्युबच्या हातातला पाना खाली पडला. दुर्गाबाईनं बसल्या जागी एक ढेकूळ हातात घेतलं, चुरलं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "हळदीनं राखली व्हती वो जागा. तुमी धुवून काढली."

महिनाभरात पट्टीवर गुळगुळीत काँक्रीट झालं. ढवळ्या मात्र कुणी भंगारात टाकला नाही, सोसायटी एवढी असंस्कृत नव्हती. त्याला नवा लाल रंग दिला, गेटजवळ चौथरा बांधला, चाकं सिमेंटात घट्ट बसवली आणि वर पाटी लावली, 'आपली माती, आपला वारसा'. उद्घाटनाला कोंडीरामला फेटा बांधून शिटावर बसवलं. फोटो झाले. मग लेकरांची रांग लागली. एकेक पोर वर चढत होतं, हँडल फिरवत होतं, पेडलवर उभं राहून उड्या मारत होतं.

"दोन शब्द बोला ना काका," कल्याणी मॅडमनी माईक पुढं केला.

कोंडीरामनं फेटा सावरला.

"पोरास्नी सांगा मॅडम," तो म्हणाला, "क्लचवर पाय ठिवू नगा. प्लेट नवी हाय."