दोनदा वाजलेली बेल

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. पायात वहाणा आणि हातात काठी असलेला नव्हे. साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी, बोळात विजेच्या मीटरच्या वर टांगलेली. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालणं हा माझा जन्माचा धंदा. भिंतीला कान असतात असं माणसं म्हणतात, ते माझ्यापुरतं अगदी खरं आहे. एकदा मात्र मी ऐकलं आणि मला पुढे सांगता आलं नाही. तो निरोप कितीतरी दिवस माझ्या पोटात राहिला. त्याचीच ही गोष्ट.

एका मोठ्या कारखान्यात, माझ्यासारख्याच पुष्कळ भावंडांबरोबर माझा जन्म झाला. आमच्या जातीला मेश म्हणतात. मेश म्हणजे जाळं. एका पेटीचा आवाज फार लांब जात नाही, म्हणून तिने जवळच्या पेटीला सांगायचं आणि तिने पुढच्या पेटीला. मध्ये तार नसते. पोटात तांब्याची एक नागमोडी रेघ असते, तिला अँटेना म्हणतात. तीच आमची जीभ आणि तोच आमचा कान. निरोप पोचल्याची पावती येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा सांगत राहायचं आणि वीज गेली तरी विसरायचा नाही, एवढीच आमची शिकवण.

ज्या घरात मी आलो तिथे एक म्हातारी आई आणि तिची मुलगी राहत होत्या. मुलीला सगळे ठकी म्हणत. ठकीचे केस पिकायला लागले होते, पण आईला आणि मामाला ती ठकीच. घराला लागून तिचा पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना होता. मागच्या खोलीत आईचा पलंग, मग हा लांब अरुंद बोळ, मग लोखंडी दार आणि दारापलीकडे कारखाना. आईला अंथरुणातून उठता येत नव्हतं. म्हणून तिच्या उशाशी एक बटण, बोळात मी आणि कागद कापायच्या मशीनच्या वर बेल, असे आम्ही तिघे बसवले गेलो. बसवले ते मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता.

मायलेकींनी आपसात एक रीत ठरवली होती. बटण एकदा दाबलं तर पाणी हवं. दोनदा दाबलं तर काही नको, नुसतीच ये. आणि न थांबता दाबत राहिलं तर हातातलं टाकून धावत ये. एकदा वाजली की ठकी लगेच यायची. दोनदा वाजली की मात्र मशीनवरूनच ओरडायची, “आले गं, एवढा गठ्ठा संपवते.”

“हिचा गठ्ठा म्हणजे मारुतीचं शेपूट,” आई उशीला सांगायची आणि वाट बघत पडून राहायची.

माझं दुखणं होतं ते लोखंडी दार. ते उघडं असलं की माझा आवाज पलीकडे जायचा. लावलं की मी कितीही ओरडलो तरी पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ठकी दार उघडं ठेवायची. मग मशीनची धडधड बोळातून थेट आईच्या उशाशी जायची आणि दुपारभर तिचा डोळा लागायचा नाही.

“मामा, दार लावलं तरी बेल वाजेल असं कर ना काहीतरी,” ठकी म्हणाली. “आईला झोपच नाही रे.”

“बाहेरून अँटेना लावू,” मामा म्हणाला. “चौकटीच्या वर भोक पाडतो. पेटी इकडे, जीभ तिकडे.”

त्याने माझं पोट उघडून एक बारीक वायर आत खोचली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या भिंतीवर, वीतभर लांब काळी अँटेना उभी केली. नाकापेक्षा मोती जड, असं मला वाटून गेलं. ठकी तिला शिंग म्हणू लागली. आईने बटण दाबलं, बेल खणखणीत वाजली आणि सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं.

पण मित्रांनो, माझ्या पोटात मोहरीहून लहान असा एक जोड आहे. तो एका बाजूला असला की आवाज आतल्या रेघेत जातो, दुसऱ्या बाजूला बसवला की बाहेरच्या अँटेनात. मामाने वायर लावली, जोड हलवला नाही. त्याच्या काळच्या रेडिओला बाहेरून तार खोचली की काम भागायचं. आणि तपासताना एकमेकांना हाका मारता याव्यात म्हणून लोखंडी दार सताड उघडं होतं. बेल वाजली ती माझ्या जुन्याच जिभेने. शिंग नुसतं शोभेचं होतं. मला ते कळत होतं, पण निरोप्याला स्वतःचा निरोप देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ठकीने निर्धास्तपणे दार लावून घेतलं. बोळात शांतता झाली आणि आई झोपली. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने बटण दाबलं. दोनदा.

मी ऐकलं. मी दाराला सांगितलं. पावती आली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. पलीकडे ठकीच्या डोक्यावर शिंग उभं होतं आणि त्यात माझा एक शब्दही नव्हता. आईने नंतर बटण दाबलं नाही.

संध्याकाळी ठकीने नेहमीसारखा आधी कारखान्याचा मेन स्विच बंद केला, त्याबरोबर बेलही बंद झाली, आणि मग तिने दार उघडलं. चहा घेऊन ती मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने भरलेला कप तसाच हातात धरून बोळात येऊन उभी राहिली. आई गेली होती.

माणसं आली. सगळ्यांनी ठकीला एकच सांगितलं, “झोपेतच गेली गं. काही वाटलं असतं तर बेल नसती का वाजवली?” ठकीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बोळातून जाताना ती पुटपुटायची, “हाक मारलीच नाही तिने.” मी वरून ऐकायचो. ती हाक माझ्या पोटात होती.

पुढे कारखाना सुरू झाला, पण लोखंडी दार बंदच राहिलं. ठकी रस्त्याने वळसा घालून कामाला जायची. माझ्यावर धूळ साचली, वायरवर कोळ्याने घर केलं. आम्ही भावंडं अधूनमधून एकमेकांना ‘मी आहे’ असं कळवत असतो. रिकाम्या खोलीतून, रिकाम्या उशाजवळून ते बटण मला म्हणायचं, मी आहे. आणि मी बंद दाराला सांगत राहायचो, दोनदा वाजलंय, दोनदा.

मग एक दिवस मामा मला उतरवायला आला. ठकी कारखान्यात होती, दार बंद होतं. मामाने स्टुलावर चढून माझं पोट उघडलं, चष्म्यापुढे भिंग धरलं आणि तो तसाच थांबला. त्याला जोड दिसला होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण जन्मभर दुरुस्ती करत आलेला हात चूक तशीच ठेवून पुढे जाईना. त्याने जोड दुसऱ्या बाजूला बसवला आणि वीज चालू केली.

माझा आवाज पहिल्यांदाच त्या भोकातून पलीकडे गेला. पावती लगेच आली. पोट हलकं झालं, पण मला आनंद झाला नाही. पलीकडची मशीन थांबली आणि दार उघडलं.

ठकीच्या बोटांना खळ लागलेली होती. “मामा, बटण तू दाबलंस?”

“नाही गं. मी इथे स्टुलावर आहे.”

“दोनदा वाजली.”

मामा खाली उतरून स्टुलावर बसला. “त्या दिवशीची असणार. ही पेटी निरोप धरून ठेवते. ठके, मी दार उघडं ठेवून तपासलं होतं. शिंग चालूच नव्हतं.”

“म्हणजे तिने हाक मारली होती.”

मामाने मानेनेच हो म्हटलं.

“दोनदाच ना? न थांबता नाही ना?”

“जेवढी दाबली तेवढीच वाजली. दोनदाच.”

ती आपल्याला बोलेल असं मामाला वाटलं असावं. मशीनवर गठ्ठा अर्धा कापायचा राहिला होता, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पलंगाशी बसली. बोळात मला तिचा आवाज आला, “आले गं आई.”

मित्रांनो, मला कुणी उतरवलं नाही. मामा आता बऱ्याचदा दुपारी येतो आणि मागच्या खोलीत आडवा होतो. कधीतरी बटण दोनदा दाबतो. ठकी मशीन बंद करून येते.

तुम्हीही कधी आमच्यासारख्या पेटीला शिंग लावलंत, तर दार लावून तपासा. उघड्या दारातून काय, कुणाचाही आवाज पोचतो. आणि कुणी नुसतंच ये म्हणून बोलावलं, तर गठ्ठा राहू द्या. निरोप मी कितीही दिवस जपून ठेवीन. माणूस जपून ठेवायला मला येत नाही.