अकरा मिनिटांचं आकाश

गेल्या मंगळवारी माझे वडील वारले, आणि त्यांना हवी असलेली शिक्षा काही मिळाली नाही. पण तूर्तास तसं काहीच झालेलं नाही असं धरून चालू. वडील पलंगावर उशीला टेकून बसलेत आणि मी त्यांच्या पथकाचा इतिहास लिहितोय.

पथक हवाई संरक्षणाचं. शत्रूचं विमान आलं की पाडायचं, एवढंच काम. एकतीस वर्षांत एकही आलं नाही, म्हणून पथक बरखास्त झालं. जुन्या जवानांच्या मेळाव्यात वाटायला पुस्तिका हवी होती, आणि लिहिता येणारा व रिकामा असा मीच सापडलो.

वडील रडारच्या पडद्यासमोर बसायचे. दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायचं : 'आकाश मोकळे.' अशा वह्यांचे सत्तावीस गठ्ठे माझ्या खोलीत आले. पहिला वाचल्यावर पुढच्या कथानकाचा अंदाज आला.

"त्यातली एक नोंद खोटी आहे," वडील म्हणाले. "मी अकरा मिनिटं बाहेर गेलो होतो. नोंद आधीच लिहून ठेवली."

"कशाला गेला होतात?"

"आकाश बघायला. एकोणीस वर्षं पडद्यावरच बघत होतो. म्हटलं, एकदा खरं बघावं."

"मग? मोकळंच होतं ना?"

"ढग होते रे."

आई औषधाचा चमचा पुसत म्हणाली, "जन्मभर आकाश सांभाळलं, आणि मोरीचं छत गळतंय ते मला सांगावं लागलं."

वडील हसले नाहीत. "त्या अकरा मिनिटांत वरून काय गेलं, कुणालाच माहीत नाही. ते इतिहासात घाल. आणि साहेबांना सांग, शिक्षा द्या. त्याशिवाय मला सुटल्यासारखं वाटायचं नाही."

डॉक्टरांनी महिना दिला होता. तेवढ्यात चौकशी उरकेल का, असं वडिलांनी त्यांनाच विचारलं.

साहेब म्हणजे पथकाचे शेवटचे प्रमुख. मी गेलो तेव्हा ते स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होते, चष्म्याशिवाय.

"माफ केलं म्हणावं."

"माफी नकोय. शिक्षा हवीय."

"अरे, शिक्षा पथक देतं. पथक आहे कुठे? मी आता नुसता आजोबा. आणि पुस्तिकेत ते घालू नकोस हं. आपल्याकडे पराक्रम नाही, निदान चूक तरी नको."

"मग फोनवर रागवा तरी."

मी घरी पोचल्यावर त्यांनी वडिलांना फोन केला आणि मनापासून प्रयत्न केला. "गाढवा!" असं ओरडले, आणि लगेच म्हणाले, "जेवण जातंय का रे?"

वडिलांनी फोन माझ्याकडे दिला. "हे शिक्षेत धरत नाहीत," ते म्हणाले. "लेखी पाहिजे."

मग आम्ही खात्याला अर्ज लिहायला घेतला. वडिलांनी मसुदा दोनदा दुरुस्त केला, 'कृपया' हा शब्द तीन ठिकाणी खोडला, आणि सही उद्या करतो म्हणाले. उद्या मंगळवार होता. आता तो झालाच नाही असं फार वेळ म्हणता येत नाही. आई चमचा अजून औषधाच्या बाटलीशेजारीच ठेवते. अर्ज माझ्या सहीने पाठवतोय :

'तरी सदर पथक एका दिवसापुरते पुन्हा उभे करण्यात यावे, माझ्या वडिलांना अकरा मिनिटांच्या गैरहजेरीबद्दल रीतसर शिक्षा सुनावण्यात यावी, तिची प्रत त्यांना समक्ष देऊन पोच घ्यावी, आणि त्यानंतरच पथक बरखास्त करण्यात यावे, ही विनंती.'