अनंताला राख

ताई जाऊन तीन महिने झाले, तेव्हा कुठे चिमीला तिच्या घरी निवांत जायला सवड मिळाली. पंचवीस वर्षं चिमी रोपवाटिकेत कामाला होती. लोक आजारी झाडाचं पान पिशवीत घालून तिच्याकडे यायचे. सख्ख्या बहिणीच्या घरी मात्र ती आली तरी पुढच्या खोलीत चहा घेऊन परत फिरायची.

या वेळी भावजींनी तिला मागच्या अंगणात नेलं. उंच भिंत, शेजारच्या झाडाची गच्च सावली आणि कोपऱ्यात कमरेएवढं खुरटलेलं झुडूप. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. फांद्यांना खवल्यांसारखी कीड चिकटलेली.

"ही याला मुकं म्हणायची," भावजी म्हणाले. "कळ्या धरायच्या आणि गळून जायच्या. फूल म्हणून कधी पाहिलं नाही. विकणाऱ्यालाही नाव ठाऊक नव्हतं."

चिमी खाली बसली. समोरासमोर फुटलेली पानं तिने उलटून पाहिली. आत दडलेली एकुलती कळी सापडली, मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली.

"अहो, हा तर अनंत! याला थोडी आंबट माती लागते." बोलता बोलता तिने माती उकरली. वर बोटभर राखाडी थर होता. "ही राख कुणी घातली?"

"कुणी म्हणजे? तूच सांगितलं होतंस ना? दर महिन्याला ही कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणायची, चाळून घालायची. आठ वर्षं. मी म्हणायचो, अगं, काही फरक पडत नाही. तर म्हणायची, चिमीला कळतं त्यातलं."

चिमीला तो फोन आठवला. समोर गिऱ्हाइकं ताटकळत होती. "एकदा येऊन बघतेस का गं?" ताईने विचारलं होतं. दोन तासांचा तर रस्ता. "येते की. तोवर जरा राख घाल," असं म्हणून तिने फोन ठेवला होता. पान कसं आहे, एवढंही विचारलं नव्हतं. आणि राखेने मातीचा आंबटपणा मरतो; अनंताला ती म्हणजे विषच.

"भावजी, झाड माझ्यामुळे खुरटलं," ती कशीबशी म्हणाली आणि राखेचं सगळं सांगितलं.

भावजींनी राखेचा थर पायाने बाजूला सारला. "तिने तुला सांभाळून घेतलं असतं," ते म्हणाले. "मला मात्र राग आलाय. खोटं कशाला बोलू?"

चिमी दर रविवारी येऊ लागली. तिने माती बदलली, पालापाचोळ्याचं खत घातलं, साबणाच्या पाण्याने एकेक फांदी पुसली. शेजाऱ्यांना विचारून वरच्या दोन फांद्या उतरवल्या, तेव्हा कोपऱ्यात सकाळचं ऊन आलं. सुरुवातीला भावजी खिडकीतूनच बघायचे. पुढे पाण्याची झारी घेऊन बाहेर येऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात बारा कळ्या आल्या. नऊ गळल्या, तीन उमलल्या. भावजींचा फोन येताच चिमी हातातलं काम टाकून निघाली. ती पोचेपर्यंत पहिलं फूल कडेने पिवळट पडायला लागलं होतं. वासाने मात्र अंगण भरून गेलं होतं.

दोघं पायरीवर बसली.

"एक दिवस आधी यायला हवं होतं," चिमी म्हणाली.

भावजींनी मान डोलावली. नाही म्हणाले नाहीत.