दुसरी गोळी

भवानी पेठेतून निघालं की थोड्या वेळात गावाच्या ऐन मध्यावर जुनी गिरणी लागायची. काळ्या दगडाच्या भिंती, कुठूनही दिसणारी चिमणी, आणि खिडक्या इतक्या उंच की आतल्या माणसाला फक्त आभाळ दिसावं. त्याही कायम बंद, कारण कोरडा वारा शिरला की सूत तुटतं. सुताला एवढं जपणाऱ्यांनी बायकांच्या पोरांसाठी मात्र पाळण्याएवढी जागा ठेवली नव्हती. म्हणून कामाला निघालेली आई पोराच्या जिभेवर अफूची बारीक गोळी ठेवायची. पोर निजायचं, आई गिरणीत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

मायाक्कानंही त्या सकाळी रांगत्या बिरूला गोळी दिली, त्याला सासूजवळ निजवलं आणि रिळाच्या खात्यात येऊन कामाला लागली. शेजारच्या रहाटावर चाळीतलीच नीलम्मा होती. सूत गुंडाळता गुंडाळता ती सहज म्हणाली, "तू म्होरं आलीस, अन् तुजी सासू माज्याकडनं गोळी घिऊन गेली. घरातली सपली, पोराला पायजे म्हनली."

मायाक्कानं रहाट तिथंच थांबवला. "अगं, शेवटची म्याच दिली की त्याला! दोन झाल्या!"

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या खोलीतल्या पोराला अशीच चुकून दोनदा गोळी गेली होती. ते निजलं ते निजलंच.

खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण हेमावती वाईट बाई नव्हती, पण नायकीण होती. "भोंग्याआदी गेलीस तर तुज्या जागी दुसरी उभी करीन," ती ओरडली. मायाक्का तोवर दाराबाहेर पडली होती. फाटकावर पहारेकरी शिवशरण आडवा आला.

"चिठ्ठी कुटं हाय?"

"न्हाय चिठ्ठी. पोर मरतंय माजं!"

"मंग बिल्ला ठिवून जा. परत आत यायचं न्हाय."

नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत होता. चूल पेटायची ती त्या पितळी बिल्ल्यावर. मायाक्कानं तो काढून शिवशरणच्या पुढ्यात फेकला आणि पळत सुटली. वाटेत तिनं बिरोबाला काय काय कबूल केलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

घरी बिरू निपचित पडला होता. सासू अंबुबाई भिंतीला टेकून पेंगत होती. मायाक्कानं पोराला उचललं, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. काही नाही. तळपायावर चापट्या मारल्या, पुन्हा मारल्या. तेव्हा कुठं त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की चाळ गोळा झाली. मायाक्का मटकन खाली बसली आणि त्याच्याहून मोठ्यानं रडली.

"निजल्यालं पोर कशाला उठवलंस?" अंबुबाई दचकून म्हणाली.

"नीलम्माची गोळी कुनाला दिलीत?"

म्हातारीनं मान खाली घातली. "म्या खाल्ली. गुडघं लई ठणकत्यात. सुनंला कसं सांगायचं? पोराचं नाव घेतलं."

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूच्या लुगड्याखालून डोकावणारे सुजलेले गुडघे दिसले आणि तोंडापर्यंत आलेली शिवी तिनं गिळली. काम गेलं ते गेलंच.

तरी जिवाची धाकधूक काही जाईना. दुपारभर तिनं बिरूला डोळा लागू दिला नाही. रडून दमल्यावर तो अंगणातल्या कोंबडीमागं रांगत सुटला. कोंबडी फडफडली की खदखदून हसायचा, पुन्हा तिच्यामागं. मायाक्का बघतच राहिली. ती अंधारात जायची, अंधारात यायची, आणि सुट्टीच्या दिवशीही पोर गोळीच्या गुंगीत पेंगतच असायचं.

"आत्याबाई, ह्यो दिवसा असाच असतो व्हय?"

अंबुबाईही डोळे ताणून नातवाकडं बघत होती. "मला काय ठावं, बाई? म्या बी निजल्यालाच बघितलाय."